अनिश्चितता म्हणजे 'मनात येईल ते' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात क्वांटम (म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांचं शास्त्र) आणि मन या विषयावरचं व्याख्यान ऐकलं. सूर असा, की भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने १९२७ साली अनिश्चिततेच्या नियमातून दाखवलं, बघणाऱ्यामुळे वस्तू बदलते. म्हणजे मनासारखं घडवता येतं. शेजारी बसलेल्या दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांनी विचारलं, "मग छाटणीनंतरच्या अवकाळीचं काय?" उत्तर मिळालं, "सकारात्मक राहा." ते गृहस्थ चहालाही थांबले नाहीत.

मी तीस वर्षं बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं आणि या गैरसमजात थोडा वाटा आम्हा मास्तरांचाही आहे. इलेक्ट्रॉन बघायला प्रकाश टाकला की त्याला धक्का बसतो, म्हणून जागा आणि वेग एकदम नेमके कळत नाहीत, असं आम्हीच फळ्यावर सांगत आलो. खुद्द हायझेनबर्गनेही सूक्ष्मदर्शकाचा तसाच दाखला दिला होता. पण त्यातून मुलांना वाटतं, इलेक्ट्रॉनकडे दोन्ही गोष्टी पक्क्या आहेत, आपलाच हात आडमुठा.

तानपुऱ्याची तार छेडा आणि लगेच बोटाने दाबा. 'टक्' कधी वाजलं ते बरोबर सांगाल, सूर कोणता ते नाही. दोन तारांत सेकंदाला एकाच कंपनाचा फरक असेल, तर तो कळायला सेकंदभर तरी तारा वाजू द्याव्या लागतात. यात कानाचा दोष नाही. क्षणभराच्या आवाजाला नेमका सूर नसतोच. इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो, म्हणून त्याची जागा आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) यांचंही नातं असंच. त्याला अणूएवढ्या जागेत कोंडलं, तर वेगातली अनिश्चितता निदान सेकंदाला पावणेसहाशे किलोमीटरच्या घरात जाते. पाच ग्रॅमच्या द्राक्षमण्याची जागा मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत, पक्की केली, तर हाच आकडा सेकंदाला मीटरमध्ये मांडताना दशांशचिन्हापुढे पंचवीस शून्यं येतात. बागेत हा नियम शोधण्यात अर्थ नाही.

अवकाळीची अनिश्चितता निराळ्या जातीची. हवेची माहिती अपुरी पडते म्हणून अंदाज चुकतो. माहिती वाढली की थोडा सुधारतो. इलेक्ट्रॉनच्या बाबतीतही अशीच काही माहिती दडलेली असेल का? आइनस्टाइनला तसं वाटे. देव फासे टाकत नाही, अशा अर्थाचं त्याने १९२६ साली आपला भौतिकशास्त्रज्ञ मित्र माक्स बोर्नला लिहिलं. १९६४ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने या वादाला प्रयोगाची कसोटी लावून दिली. ते प्रयोग करणाऱ्या अस्पे, क्लॉझर आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. प्रत्येक कण आपलं उत्तर आधीच खिशात घेऊन निघतो, ही साधी कल्पना त्यांत टिकली नाही. दडलेली माहिती मानणारा, भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमचा १९५२ चा मार्ग मात्र अजून उभा आहे. त्यात सगळं ठरलेलं असतं, पण दूरच्या कणाचा परिणाम तत्काळ होतो असं मानावं लागतं. म्हणजे खरे जाणकारच अजून भांडताहेत, आणि आमचे व्याख्याते निकाल लावून मोकळे!

या अनिश्चिततेतूनच माणसाला इच्छास्वातंत्र्य मिळतं असंही कुणी म्हणतात, त्याचंही तेच. माझा हात छापा-काट्यावर वर गेला, तर तो मी उचलला असं म्हणायचं का? फाशात माझी इच्छा कुठे आली?

हे त्याच वेळी उठून सांगायला हवं होतं. स्वागतगीतासाठी आणलेला तानपुरा व्याख्यात्यांच्या मागेच ठेवलेला होता.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पंचवटी, नाशिक