आरोग्य पानावरचा वजनाचा तक्ता बदला, कमरेच्या टेपचं पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या आरोग्य पानावर तुम्ही उंची-वजनाचा तक्ता छापला, त्यात बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) १८.५ ते २५ म्हणजे नॉर्मल असं दिलंय. हा तक्ता आपल्या माणसांसाठी नाहीच ओ. आपल्याकडं २३ च्या पुढं वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि हे काय काल-परवा निघालेलं नाही, आपल्या इथल्या डॉक्टर लोकांनी २००९ मध्येच ठरवलंय. मी जुळे सोलापुरात एका छोट्या लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते, त्यामुळं शुगर फक्त जाड्या माणसांना होते हा समज रोज खोटा पडताना बघते. हातपाय बारीक, गाल बसलेले, शर्टाच्या खालच्या दोन बटणांपाशी तेवढं पोट पुढं, आणि रिपोर्टमध्ये उपाशीपोटी शुगर १८०. मग घरचे म्हणतात, अहो पण ह्यांचं वजन तर कमीच आहे की. (काहींचं वजन शुगरमुळंच उतरलेलं असतं ते वेगळं, पण सगळ्यांचं नाही.)

गंमत म्हणजे ह्यावरचं जगभर गाजलेलं काम आपल्या पुण्यातच झालंय आणि आपले पेपर मात्र परदेशात कोणीतरी कॉफीबद्दल काय म्हटलं ते छापत बसतात. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली, दिवस राहायच्या आधीपासून, मग गरोदरपणात काय खातात, किती राबतात, मग बाळ जन्मलं की त्याची मापं, आणि तीच पोरं ६ वर्षांची, १२ वर्षांची, १८ वर्षांची झाली तेव्हा परत तपासली. एवढं चिकाटीचं काम आपल्या राज्यात होतं आणि आपल्याला त्याचं नाव माहीत नसतं.

तर त्यात काय दिसलं, की त्या गावांतल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. म्हणजे आपली बाळं सगळीकडूनच लहान. पण ती सगळीकडून सारखी लहान नव्हती! स्नायू लई कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून चरबी मोजली तर ती जवळपास गोऱ्या बाळांइतकीच. दिसायला रोडकं पण आतून चरबीचं. म्हणजे हे पोट नोकरी लागल्यावर आणि गाड्यावरची भजी खाऊनच सुटतं असं नाही, त्याची सुरुवात आईच्या पोटातच झालेली असू शकते. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी जुन्या दवाखान्यांची रजिस्टरं उघडून कमी वजनाच्या बाळांना म्हातारपणी हृदयाचे आजार जास्त होतात असं दाखवलं होतं, त्याचाच हा आपल्या मातीतला पुढचा भाग.

याज्ञिक डॉक्टरांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरी नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. तुमच्या तक्त्याप्रमाणं दोघंही पास. पण मशिनमध्ये मोजलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. आता युडकिन मॅरेथॉन पळणारे, त्यामुळं सगळं जन्मावर ढकलता येत नाही, हे त्यांनी स्वतःच तिथं लिहिलंय आणि आपला व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळणं एवढाच असं पण लिहिलंय. दोनच माणसं आहेत, त्यावरून देशाचा निष्कर्ष निघत नाही, पण बीएमआय काय लपवतो हे कळायला त्या एका फोटोइतकं सोपं दुसरं काही मला दिसलं नाही. मुळात हा बीएमआयचा हिशोब १८३० च्या दशकात केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं काढलेला, त्यानं काय आपला साखर पेठेतला विणकर बघितला नव्हता.

देशाचं म्हणाल तर आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा मोठा सर्व्हे २०२३ मध्ये आला, १ लाख १३ हजारांवर माणसं तपासली. बीएमआयवरून धरलेला साधा लठ्ठपणा २८.६ टक्के लोकांत आणि कमरेच्या मापावरून धरलेला पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत. आणि इथं बीएमआय २५ लाच लठ्ठ धरलंय बरं का, तरी एवढा फरक. म्हणजे वजनकाट्यावर पास आणि टेपवर नापास अशी माणसं भरपूर आहेत, आणि तुमचा तक्ता त्यांना घरी बसून निवांत राहा म्हणतो.

आता इथं सोलापुरात एक जण लगेच म्हणणार, पूर्वी लोक ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन ठणठणीत होते, रेशनचा तांदूळ आणि मैद्याचा पाव आला आणि वाट लागली. मलाही कडक भाकरी आवडते, मंगळवेढ्याच्या ज्वारीचा अभिमान पण आहे. पण पुण्याच्या त्या गावांतल्या बायकापण शेतात राबणाऱ्या आणि साधं घरचं जेवणाऱ्याच होत्या ना, त्यांच्या ताटात दिवसाला कशाबशा १८०० च्या आतबाहेर कॅलरी आणि ४५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. त्यात बाळाच्या मापाशी संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दुधाचा, नुसतं पोटभर किती खाल्लं त्याचा तेवढा नाही. जास्त कष्टाची कामं करणाऱ्या बायकांची बाळं आणखी लहान. आणि बी-१२ जीवनसत्त्व बहुतेकींचं कमी. आमच्या लॅबमध्येही बी-१२ चे रिपोर्ट बघून हेच वाटतं, विशेषतः शाकाहारी घरातल्या बायकांचे. ज्या घरात दूध आधी चहाला, मग पोराला, आणि उरलं तर बाईला, तिथं भाकरी ज्वारीची आहे का गव्हाची ह्यानं किती फरक पडणार? तुमचं पान भरड धान्यावर लेख लई छापतं, बाईच्या वाटीतल्या दुधावर एकही नाही.

परत टेपकडं येते. आशाताई तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा शुगर-बीपीसारख्या आजारांच्या तपासणीसाठी जो सी-बॅक नावाचा सरकारी फॉर्म भरतात त्यात कमरेचं माप आधीच आहे. बाईचं ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाचं ९० च्या वर गेलं की मार्क चढतात, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का ते धरून ४ च्या वर गेलं की तपासणीत आधी नंबर. चांगली सोय आहे, पण दारात उभं राहून सासऱ्यासमोर कमरेला टेप कोण लावून घेणार, मग कुठं कुठं अंदाजानं आकडा लिहिला जातो आणि अंदाज नेहमी कमीच असतो. विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत तर दिवसभर बैठं काम, साडीत पोट दिसत नाही, आणि वजन ५० किलो म्हणून सगळे निर्धास्त. ह्यात आशाताईंची चूक नाही, त्यांना घाई असते आणि लोकांना हे माप कशाला घेतात तेच माहीत नसतं. ते पेपरनं सांगायचं.

तेव्हा पुढच्या रविवारी तो तक्ता सुधारून छापा आणि शेजारी माप कसं घ्यायचं ते चित्रासकट द्या. पँट बांधतो तिथं नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या बरोबर मधी, कपडा सरकवून, पोट आत न ओढता, श्वास सोडल्यावर. वेगळी टेप नसेल तर शिवणकामाची चालते, इंचात मोजलं तर हद्द पुरुषाला साधारण साडेपस्तीस इंच आणि बाईला साडेएकतीस इंच. हे पण लिहा की माप जास्त आलं म्हणजे शुगर झालीच असं नाही, फक्त एकदा उपाशीपोटी रक्त तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं.

कळावे,
लॅबमध्ये काम करणारी तुमची एक वाचक, जुळे सोलापूर