गौरे, बा भाग मागतेय

बडोदे,
शुक्रवार, रात्र

प्रिय गौरे,

तुझ्या मेसेजना उत्तरं दिली नाहीत म्हणून ज्या शिव्या द्यायच्यात त्या पत्र वाचून झाल्यावर दे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग मी विषयच सोडून देते. आईचे गुडघे तसेच, बाबांची साखर ताब्यात, मी ठणठणीत. झालं.

तर बानं माझ्याकडे भाग मागितलाय.

आपल्याच बानं, शुक्रवारी निळ्या ताडपत्रीवर जुन्या कपड्यांचा ढीग मांडणाऱ्या. आधी मागचं थोडं सांगते. कॉलेजनं आम्हा व्हिजिटिंगवाल्यांना जूनमध्ये 'कळवतो' म्हणून सांगितलं, ते अजून कळवतायत. त्या रिकाम्या दिवसांत फाइन आर्ट्सचा प्लास्टर भेटला (तोच, शिल्पकलेचा, अजून तीच पँट). त्यानं इन्स्टाग्रामवर जुन्या कपड्यांचं पेज काढलंय. म्हणाला, तुला निवडता येतं, मला फोटो काढता येतात, निम्मे-निम्मे. मी म्हटलं, बघू. पहिलंच जॅकेट बाटलीच्या हिरव्या रंगाचं, पुरुषी, लिननचं. बाकडून १२० ला घेतलं. धुलाई ६०, रफू आणि बटणं १५०, कुरियर ११०. गेलं १४५० ला, मुंबईच्या एका मुलीला. हिशेब तू कर, तुला आवडतो. माझ्या वाट्याला आले पाचशे पाच.

ते जॅकेट कुणा शिंप्यानं शिवलेलं होतं, म्हणून जमलं. आतून उलटं केलं तर बगलेपासून कमरेपर्यंत चांगलं इंचभर कापड दाबलेलं. शिंपी ते ठेवतोच, गिऱ्हाईक जाड होणार हे त्याला ठाऊक असतं. रेडिमेडमध्ये ओव्हरलॉक मारून कडा कापलेली असते. तो कपडा आत घेता येतो, सैल करता येत नाही. आणि खांदे कशातच दुरुस्त होत नाहीत, हा तुझाच नियम. 'खांदा बसला नाही तर फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही,' असं म्हणून तू माझ्या हातातलं किती काय परत ढिगात टाकलंस! फक्त त्या डेनिम जॅकेटच्या वेळी तुला नियम आठवला नाही. ते आधी मी पाहिलं होतं. बाही माझ्या हातात होती, कॉलर तुझ्या. आजही माझं हेच म्हणणं आहे.

असो. बाची नात आठवीत आहे आणि तिच्या हातात फोन आहे. तिनं पेज शोधून काढलं. पुढच्या शुक्रवारी मी गेले, खाली बसले, आणि बा माझ्याकडे न बघता शर्टाची घडी घालत म्हणाली, "चौदसो ने पचास?"

चिडली असती तर बरं झालं असतं. घासाघीस करताना तिनं आपल्याला किती शिव्या दिल्यात, त्यातली एखादी दिली असती. तसं काही नाही. चहा मागवला, आणि म्हणाली, "हवे तारा माटे बाजुए राखीश. पण मने भाग जोईए."

गौरे, यात चूक काय आहे सांग. पहाटे डोक्यावर स्टीलची भांडी आणि प्लास्टिकच्या बादल्या घेऊन अलकापुरी, वासणा रोडच्या सोसायट्यांमधून ती फिरते. चार साड्यांना एक डबा, यावर बायका अर्धा तास भांडतात. माझी आजी तर बोहारणीला परत बोलावून झाकण मागायची. रात्री घरी बसून सगळं निवडायचं. जरीच्या साड्या पहिल्या बाजूला, त्या जाळून चांदी काढणारा वेगळा येतो. जीन्स वेगळ्या. शर्ट धुऊन, बटणं लावून, इस्त्री मारून. फाटकं सुती कापड मकरपुऱ्याच्या कारखान्यांत यंत्रं पुसायला, लोकरीच्या चिंध्या पुढे पानिपतला, तिथे त्यांचं पुन्हा सूत होऊन ब्लँकेटं निघतात. आणि आपण ज्याला 'बाचा ढीग' म्हणायचो, तो या सगळ्यातून उरलेला. तिचा 'फॉरेननो माल' मी अजूनही मानत नाही. कांडल्याला परदेशी जुन्या कपड्यांच्या गासड्या येतात हे खरं, पण त्या बहुतेक निवडून पुन्हा बाहेरच जायच्या असतात. बाच्या ढिगात मला तरी नेहमी अलकापुरीच सापडली आहे.

जरीत बाला कुणी फसवू शकत नाही. नखानं जरीचा धागा उकलते, आत लाल रेशीम दिसलं की साडी थेट मांडीखाली. पण लिनन तिला कधी कळलं नाही. चुरगळतं म्हणजे हलकं, असा तिचा हिशेब. मलमल विटकी दिसते म्हणून तळाला. गजी सिल्कला चमक आहे म्हणून वर, आणि मशरूचा (वरून रेशीम, आतून सूत) तुकडा मात्र उशीच्या खोळीत भरायला! आपण तीन वर्षं फाइन आर्ट्सच्या पोरांहून भारी दिसायचो ना, ते सगळं बाला चुरगळलेल्या कापडाची किंमत माहीत नव्हती त्यावर उभं होतं. तेव्हा मी याला आपली 'नजर' म्हणायचे. तू तर जास्तच म्हणायचीस.

आता नात प्रत्येक लेबलवर फोनचा कॅमेरा धरते आणि ओरडते, "बा, आ तो त्रण हजारनुं छे!" म्हणजे ते दिवस तसेही संपलेत, मी भाग दिला काय नि नाही काय.

प्लास्टरचं म्हणणं सरळ आहे. विक्रीचा तिसरा हिस्सा बाला, सगळ्यांचं भलं. पैशांचं म्हणशील तर मलाही हेच योग्य वाटतं. मला तिसरा हिस्सा द्यायला जड नाही, उलट हलकं वाटेल. माझं अडतंय ते 'बाजुए राखीश'पाशी.

बानं चांगलं-चांगलं बाजूला ठेवलं की ढिगात काय उरणार? चिकटलेली पॉलिएस्टर आणि बगलेत पिवळे पडलेले शर्ट. मागच्या शुक्रवारी हॉस्टेलची एक मुलगी आली होती, गोध्र्याकडची असावी. कॅनव्हासची पिशवी, पाकिटात मोजून दीडशे. एक पांढरा शर्ट उजेडात धरून बघत होती, अगदी आपल्यासारखा, भोकं शोधायला. मला विचारते, "दीदी, आ कॉटन छे?" मला राहवलं नाही गं. खालच्या शिवणीतून एक धागा ओढला, शेजारच्या चहावाल्याकडून काडेपेटी आणली आणि तिला जाळून दाखवलं. कागदासारखा वास आणि भुरभुर राख आली तर सुती. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. शर्ट सुती निघाला. ऐंशीला घेऊन गेली. जाताना तिला हेही सांगितलं की शिवण उलटी करून नख फिरव, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुराचं पाणी लागलेले कपडे अजून फिरतायत, त्यांच्या शिवणीतला गाळ आणि तो वास कितीही धुतलं तरी जात नाही. प्लास्टर शेजारी उभा. तोच शर्ट पेजवर नऊशेला गेला असता म्हणून संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. सेव-उसळ खायला घातली तेव्हा तोंड उघडलं, तेही तर्री मागायला.

ती मुलगी पेजवरून नऊशेचा शर्ट घेणार नाही. आपण घेतला असता? आपल्याकडे फ्रेशर्सच्या दिवशी दोघींत मिळून किती होते आठव. तुझा तो गुडघ्यापर्यंतचा शर्ट आणि बाबांचा पट्टा, आणि तुझी बेबीआत्या दारात उभी: "उतरलेले कपडे घालून देशपांड्यांची पोर निघाली!" मग तू तिला लक्ष्मी रोडचं नाव सांगितलंस, आणि तिनं वर तो शर्ट चिमटीत धरून कापडाचं कौतुक केलं. मी जिन्यात बसून हसत होते.

यावर एक तोडगा मी काढलाय, पण तो मलाच पटत नाही. जरीच्या साड्या, ब्लेझर, नावाजलेल्या कंपन्यांचं सगळं पेजवर. सुती शर्ट, कुर्ते, साध्या जीन्स ढिगातच. बा म्हणते, हे तू कोण ठरवणार? शर्ट नऊशेला जाणार असेल तर तिनं ऐंशीला का द्यावा, नातीची फी ती मुलगी भरणार आहे का? बरोबर आहे तिचं. मुलींची कणव मला, आणि नुकसान बाचं. प्लास्टर म्हणतो, मग तुझ्या हिश्श्यातून भर. तेही बरोबर आहे, म्हणून त्याचा राग येतो.

कधी वाटतं, सगळं सोडून नुसतं गिऱ्हाईक व्हावं. पण खरं सांगू, मला हे काम आवडायला लागलंय. सकाळी सातला जायचं, उन्हात कापड पसरायचं, डांबरगोळ्यांचा वास जायला कोट सावलीत टांगायचे, रफूवाल्या चाचांशी हुज्जत घालायची. कॉलेजनं उद्या बोलावलं तर मी खूश होईन का, हे मला माहीत नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं गॅलरीतले कोट प्लास्टरच्या नाटकासाठी आहेत.

तुझं प्रमोशन झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं, अभिनंदन. घराचा ताबा मिळाला का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असेल. पुण्यातल्या जुन्या बाजारात तू अजून गेली नाहीस हे ऐकून मी थक्क झाले. बुधवारी आणि रविवारी भरतो, तुला कोण अडवतंय? पुणेरी झालीस एवढंच. पिंट्याला सांग, लीलो चेवडो पाठवते, कुरियरची पिशवी तशीही रोज जाते.

मला दोन गोष्टी लिहून पाठव. एक, बाला काय सांगू. मी पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतलीय. उगाच 'तुला योग्य वाटेल ते कर' असं लिहू नकोस, ते मला प्लास्टरही सांगतो. दुसरं, तुझ्या खांद्याचं माप, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, इंचात. राखाडी लिननचा एक ब्लेझर आलाय, आत भरपूर दाब आहे, मी तो पेजवर टाकू दिलेला नाही. बानं तो माझ्यासाठी बाजूला ठेवला होता, हे मला माहीत आहे, वेगळं सांगायची गरज नाही. 'मीडियम' असं लिहिलंस तर ब्लेझर मुंबईला जाईल.

तुझी,
मंजू