गाडीच्या काळ्या प्लास्टिकला लावायच्या बाटलीत काय आहे, ते बाटलीवर छापले जावे

प्रति,
मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : वाहनांच्या बाहेरील प्लास्टिक भागांसाठी विकल्या जाणाऱ्या क्लीनर, पॉलिश आणि कोटिंग यांच्या वेष्टनावरील माहितीबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

सांगली-मिरज परिसरात गाड्या धुण्याचा आणि त्यांची निगा राखण्याचा माझा व्यवसाय आहे. गाडीच्या बाहेरच्या बाजूला जे रंग न दिलेले काळे किंवा राखाडी प्लास्टिक असते, ते पांढरट पडले की त्याला काय लावावे, हा प्रश्न आमच्याकडे येणारे गिऱ्हाईक हमखास विचारते. बाजारात त्यासाठी शेकडो बाटल्या आहेत आणि त्यांतली योग्य बाटली निवडायला लागणारी माहिती बहुतेक बाटल्यांवर नसते. ही माहिती छापणे बंधनकारक व्हावे आणि त्यासाठी आपल्या खात्याने पुढाकार घ्यावा, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

हा विषय वरवर किरकोळ वाटेल. पण आजच्या गाडीत असे प्लास्टिक किती आहे, हे एकदा नीट पाहावे. बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी, आरशांचे बूड, आणि स्कूटरवर तर पाय ठेवायच्या जागेपासून मागच्या मडगार्डपर्यंत बरेच काही. यातला मोठा भाग पॉलिप्रॉपिलीनचा असतो. बंपरसारख्या ठिकाणी त्यात लवचीकपणासाठी रबर आणि ताठपणासाठी टाल्कची पूड मिसळलेली असते. काळा रंग कार्बन ब्लॅकचा, आणि उन्हापासून बचाव व्हावा म्हणून कारखान्यातच काही स्थिरक द्रव्ये घातलेली असतात. वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीवर अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या प्लास्टिकच्या वरच्या थरातल्या लांब साखळ्या तोडतात, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आतली पूड उघडी पडते आणि त्या खडबडीत थरावरून प्रकाश विखुरला गेला की काळे प्लास्टिक खडूसारखे दिसू लागते. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि मार्केट यार्डात, कारखान्यांच्या आवारात, शेताच्या बांधावर गाड्या दिवसभर उघड्यावर असतात. छप्पर असलेली जागा मिळणे ही इथे चैन आहे.

सगळाच पांढरेपणा मात्र उन्हाचा नसतो. आमच्या भागातल्या बऱ्याच बोअरचे पाणी जड आहे. त्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हातच वाळली की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार प्लास्टिकच्या खरबरीत नक्षीत बसून राहतात. तासगावकडून येणाऱ्या पिकअप गाड्यांवर द्राक्षबागेत फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचे निळसर पांढरे शिंतोडे असतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. हे दोन्ही डाग पातळ केलेल्या सायट्रिक अॅसिडने किंवा व्हिनेगरने सैल होतात, मऊ ब्रशने निघतात आणि खालचे प्लास्टिक बहुधा चांगले असते. तिसरा प्रकार रंगाच्या पॉलिशचा. बोनेट चमकवताना पॉलिश शेजारच्या पट्टीला लागते आणि नक्षीत वाळून बसते. या तीन डागांवर उपाय वेगळे आहेत, आणि उन्हाने खरोखर झिजलेल्या प्लास्टिकवरचा उपाय त्याहून वेगळा आहे. जो डाग नुसत्या सफाईने गेला असता त्यावर कोटिंगचे पैसे खर्च करणारे आणि घासणीने खसाखसा घासून कारखान्यातून आलेली नक्षीच कायमची घालवून बसलेले, असे दोन्ही प्रकारचे ग्राहक आम्ही पाहतो.

आता बाटल्यांकडे येतो. प्लास्टिक सुरक्षित ठेवण्यासाठी म्हणून जे विकले जाते त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, पेट्रोलियम द्रावकात विरघळवलेले सिलिकॉन तेल. हे लावताच प्लास्टिक काळेभोर आणि तुकतुकीत होते, कारण तेल त्या बारीक भेगांत भरते. पण हात लावला तर चिकट लागते, धूळ धरते आणि जोराचा पाऊस झाला की शेजारच्या रंगावर ओघळते. दुसरा, पाण्यात मिसळलेले सिलिकॉन. त्याची चमक कमी, ते टिकते कमी, पण चिकटपणा नसतो आणि प्लास्टिक नव्यासारखे मॅट दिसते. ज्याची गाडी अजून पांढरी पडलेली नाही आणि जो ती नियमित धुतो, त्याने हेच वापरावे, असे माझे मत आहे. तिसरा प्रकार सिलिकायुक्त कोटिंगचा. ते हवेतल्या ओलाव्याशी विक्रिया होऊन पृष्ठभागावर घट्ट बसते आणि नीट बसले तर कित्येक महिने टिकते. मात्र त्यासाठी पृष्ठभाग तेलाच्या अंशापासून पूर्ण मोकळा लागतो. आधी अल्कलीयुक्त क्लीनरने धुवायचे, वाळवायचे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे आणि त्यानंतरच कोटिंग लावायचे, हा क्रम टाळता येत नाही.

मंत्रिमहोदय, अडचणीचे मूळ इथेच आहे. पुढची बाटली कोणती निवडायची हे मागच्या बाटलीत काय होते यावर ठरते. मागे सिलिकॉन तेल लावलेले असेल तर कोटिंगपूर्वीची सफाई दुप्पट करावी लागते. नाही केली, तर कोटिंग पट्ट्यापट्ट्यांनी उडते आणि दोष कोटिंगवर जातो. गिऱ्हाइकाला विचारावे, तर तो बिचारा गाडीच्या डिकीतून बाटली काढून दाखवतो. तिच्यावर चमकत्या गाडीचे चित्र असते, ‘अतिनील किरणांपासून संरक्षण’, ‘नॅनो’, ‘सिरॅमिक’, ‘दीर्घकाळ टिकणारे’ असे शब्द असतात, निर्मात्याचा पत्ता, वजन, कमाल किरकोळ किंमत असते, आणि आतले द्रव्य द्रावकाचे आहे की पाण्याचे, एवढी साधी गोष्ट कुठेही नसते. शाम्पूच्या बाटलीवर घटकांची यादी छापावीच लागते, मग लाखांच्या गाडीवर आणि कामगाराच्या उघड्या हातांवर पडणाऱ्या द्रव्याला ती सूट का असावी, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

छापलेल्या मजकुरावर कितपत विसंबावे, याचीही एक गोष्ट सांगतो. सांगली हे हळदीचे पेठगाव आहे. यार्डात पोती वाहणारे टेम्पो आमच्याकडे धुवायला येतात तेव्हा त्यांच्या बंपरच्या आणि मडगार्डच्या खाचांत हळदीची पूड बसलेली असते. हळदीला चुना, म्हणजे एक अल्कली, लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. एका क्लीनरच्या कॅनवर ‘पीएच न्यूट्रल, सर्व पृष्ठभागांसाठी सुरक्षित’ असे ठळक छापलेले होते, न्यूट्रल म्हणजे आम्लधर्मीही नाही आणि अल्कलीयुक्तही नाही. तो टेम्पोच्या मडगार्डवर फवारला आणि पिवळी पूड बघता बघता तांबडी झाली, फेस कुंकवाच्या रंगाने खाली ओघळला. द्रव्य अल्कलीयुक्त होते, हे सांगायला प्रयोगशाळा लागली नाही. पॉलिप्रॉपिलीनला अशा अल्कलीने सहसा काही होत नाही आणि तेलकटपणा काढायला अल्कली हवीच असते, तेव्हा त्या द्रव्याला मी वाईट म्हणत नाही. पण त्याच गाडीवरच्या उघड्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर त्याने डाग पडतो आणि न्यूट्रल म्हणून हातमोजे न घालता काम करणाऱ्या पोराच्या बोटांची सालटी निघतात. वाचकांपैकी कोणालाही ही परीक्षा चिमूटभर हळदीवर घरी करता येईल. हळद लाल झाली तर द्रव्य अल्कलीयुक्त आहे, आणि पिवळीच राहिली तर ते न्यूट्रल किंवा आम्लधर्मी, यांपैकी काहीही असू शकते. पण ग्राहकाने विकत घेतलेल्या मालाची अशी परीक्षा घ्यावी लागणे हे काही योग्य नव्हे.

माहिती नसली की माणूस स्वस्ताकडे वळतो. गावोगावच्या धुलाई केंद्रांवर आजही गाडीच्या काळ्या भागांवर डिझेल, रॉकेल किंवा इंजिनातून काढलेले जळके ऑइल फडक्याने फिरवले जाते, कारण त्यानेही प्लास्टिक त्या घटकेपुरते काळे दिसते. दारांच्या कडेला बसवलेले रबर सहसा ईपीडीएम जातीचे असते आणि ते ऊन-पावसाला जितके दणकट, तितकेच खनिज तेलाला दुबळे. तेल लागत राहिले की ते फुगते, ढिले पडते आणि पावसाळ्यात दारातून पाणी आत येऊ लागते. जळके ऑइल तर २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते बंपरला लावणे म्हणजे पहिल्या पावसाबरोबर गटारात आणि तिथून कृष्णेत सोडणे होय. त्याच्या शेजारी ‘टायर-प्लास्टिक पॉलिश’ म्हणून पाच लिटरच्या कॅनमधून सुटे विकले जाणारे द्रव्य आहे, ज्यावर नाव नाही, निर्माता नाही, तारीख नाही.

जिवाशी गाठ पडते तो मुद्दा यापुढचा आहे. सिलिकॉनचा फवारा स्कूटरच्या पुढच्या पॅनेलवर मारताना तो ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर ब्रेकची पकड कमी होते. पाय ठेवायच्या जागेवर किंवा सीटवर तो लागला तर पाय सरकतो, मागे बसलेले माणूस सरकते. चारचाकीत वायपरखालच्या जाळीला लावलेले तेल पावसात काचेवर येते, वायपर ते पसरवतो आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत काचभर फाकतो. डेंटिंग-पेंटिंग करणारे कारागीर वेगळीच तक्रार सांगतात : सिलिकॉन लागलेला बंपर नीट साफ न करता रंगवला, तर रंग जागोजागी फाटून माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. यांतली ब्रेकची आणि पायांची सूचना तरी बाटलीवर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत असायला हवी. काही चांगल्या कंपन्या ती इंग्रजीत छापतात, आणि बाटली ज्याच्या हातात असते त्याला ती बहुधा वाचता येत नाही.

कायद्याचा आधार नाही, असे नाही. वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर निर्माता किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, निव्वळ प्रमाण, निर्मितीचा महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापावा लागतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ग्राहकाच्या हक्कांत वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. हक्क मान्य झाला आहे. तो या एका प्रकारच्या मालाच्या वेष्टनावर उतरायचा राहिला आहे.

म्हणून माझी पहिली विनंती आपल्या थेट अधिकारातली आहे. आपल्या वैधमापनशास्त्र यंत्रणेने गाड्यांचे सुटे भाग व सजावटीच्या दुकानांची तपासणी करावी आणि विनानावाचे, विनातारखेचे पॉलिश किरकोळ ग्राहकाला विकणे थांबवावे. हे आजच्या नियमांतच शक्य आहे. दुसरे, वेष्टनाचे नियम बदलणे केंद्राच्या हाती असल्यामुळे राज्याने केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाकडे लेखी शिफारस करावी, की या मालावर द्रव्य द्रावकाधारित की पाण्यावर आधारित, सिलिकॉन तेल आहे की नाही, आम्ल-अल्कलीचे प्रमाण काय, कोणत्या भागांवर लावू नये आणि पुढचे कोटिंग करण्यापूर्वी ते कसे काढावे, एवढे तरी छापावे लागावे. कंपन्यांची गुपिते यात उघडी पडत नाहीत, कारण मी नेमके सूत्र मागत नाही, फक्त जात मागतो. तिसरे, जो कोणी ‘अतिनील संरक्षण’ किंवा ‘अमुक महिने टिकते’ असे छापेल, त्याच्याकडे त्याचा पुरावा मागावा. प्लास्टिकला कृत्रिम उन्हात ठेवून तपासण्याची आयएसओ ४८९२ सारखी मानके जगात रूढ आहेत. ती चाचणी केली असेल तर तिचे नाव छापायला कोणाची हरकत नसावी. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात एवढ्यावरून ऊन अडते असे सिद्ध होत नाही, आणि दुकानात मात्र तेच दाखवून माल खपवला जातो.

या मालाची विक्री उन्हाळा तोंडावर आला की वाढते आणि पावसाळ्याआधी पुन्हा एकदा वाढते. तपासणीची सुरुवात सांगली जिल्ह्यातून आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वी व्हावी, अशी विनंती आहे. अधिकाऱ्यांना नमुने दाखवायला, हळदीची ती परीक्षा समोर करून दाखवायला आणि कोणते द्रव्य कशावर चालते याची मराठीतली एक पानाची माहिती तयार करायला माझ्यासह या व्यवसायातली मंडळी विनामोबदला वेळ देतील.

आपला नम्र,
एक गाडीधुलाई व्यावसायिक, सांगली

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. नियंत्रक, वैधमापनशास्त्र, महाराष्ट्र राज्य, मुंबई.