रोमटामेळाचे फोटो आणि किमान शटर स्पीड

संपादक महोदय,

गोव्यातल्या शिगमोत्सवाच्या मिरवणुकीत फोटो काढणारी आमच्या फोंड्याची मुले मला दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : कॅमेरा चांगला, लेन्स चांगली, तरी रोमटामेळातल्या (ढोल-ताशांच्या गजरात नाचत जाणाऱ्या मेळातल्या) ढोलवाल्याचे हात पुसट का येतात?

बहुतेकांचा ऑटो आयएसओ चालू असतो, म्हणजे प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील असावा हे कॅमेराच ठरवतो; पण किमान शटर स्पीडही, म्हणजे शटर जास्तीत जास्त किती वेळ उघडे राहावे हेही, ‘ऑटो’वरच सोडलेले असते. मग कॅमेरा लेन्सच्या फोकल लेंग्थवरून हिशेब करतो. ५० मिमी लेन्सला साधारण १/६० सेकंद. एवढ्यात आपला हात हललेला दिसत नाही हे खरे, पण ढोलावर पडणारी काठी थोडीच थांबते? लेन्समधले स्टॅबिलायझेशनही फक्त आपल्या हाताचा कंप सावरते.

बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओच्या मेनूतच किमान शटर स्पीड ठरवता येतो. नाचणाऱ्यांना १/२५० ठेवा, घोडेमोडणीला (कमरेला घोड्याची प्रतिकृती बांधून केल्या जाणाऱ्या नाचाला) १/५००. कमाल आयएसओ मात्र ६४०० पर्यंत तरी खुला हवा. अनेकजण जास्त आयएसओला फोटोत दिसणाऱ्या दाण्यांच्या भीतीने तो १६०० वर अडवतात. तिथे मर्यादा संपली की ॲपर्चर प्रायॉरिटीत (भिंगाचे छिद्र आपण ठरवतो आणि शटर कॅमेरा, त्या मोडमध्ये) कॅमेरा आपण ठरवलेला १/२५० सोडून खाली उतरतो, आणि फोटो पुन्हा हलतो. दाणे नंतर कमी करता येतात, वर्तमानपत्राच्या छपाईत तर ते फारसे जाणवतही नाहीत. हललेला चेहरा मात्र गेला तो गेलाच.

आपल्या दैनिकाने शिगम्याआधी अनुभवी छायाचित्रकारांकडून अशी माहिती लिहून घेऊन छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक छायाचित्रकार, फोंडा