कोलिनेस्टरेज ‘नॉर्मल’ आलं तरी विषबाधा असू शकते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फवारणीचा हंगाम आला की विषबाधेच्या बातम्या येतात आणि हातमोजे, मास्क वापरा असा सल्लाही येतो. तो योग्यच आहे. पण यवतमाळ जिल्ह्यात 22 वर्षं रक्ततपासणीचं काम करताना एक गोष्ट मला सतत खुपत आली आहे. विष ओळखायला आपण एकाच चाचणीवर भिस्त ठेवतो, ती म्हणजे कोलिनेस्टरेजची. कोलिनेस्टरेज हे मज्जातंतूंचं काम सुरळीत ठेवणारं एन्झाइम, काही कीटकनाशकं त्याचं काम बंद पाडतात आणि रक्तातला त्याचा आकडा घसरतो.

काही वर्षांपूर्वी पऱ्हाटीवर फवारा मारून आलेल्या एका तरुण मजुराचं रक्त मीच काढलं होतं. डोळ्यांपुढे धुरकट दिसत होतं, हात थरथरत होते. कोलिनेस्टरेजचा आकडा मर्यादेत आला. तो जिथे दाखल होता तिथे त्या आकड्यावर विसंबून त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी धाप लागलेल्या अवस्थेत त्याला परत आणावं लागलं. या वेळी त्याच्या बायकोनं पिशवीतून दोन रिकाम्या बाटल्या आणि एक फाटकं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पाकिटावर कीटकनाशकाचं नाव होतं डायफेंथियुरॉन. तो वाचला, पण तो आकडा अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

कोलिनेस्टरेजची चाचणी मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषांसाठी आणि कार्बामेट गटातल्या कीटकनाशकांसाठी आहे. डायफेंथियुरॉन पेशीतल्या ऊर्जानिर्मितीवर घाव घालतं, त्याचा या चाचणीत पत्ता लागत नाही. शिवाय प्रत्येकाचा मूळ आकडा वेगळा असतो. ज्याचा मुळातच वरच्या टोकाला असेल, त्याचा बराच घसरला तरी तो ‘नॉर्मल’मध्येच दिसतो. उलट यकृताच्या आजारात किंवा कुपोषणात प्लाझ्मामधला आकडा विषाशिवायही खाली येतो. म्हणून प्लाझ्मा आणि तांबड्या पेशी या दोन्हींतलं कोलिनेस्टरेज, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार, घाम आणि लाळ, रक्त-लघवीच्या नमुन्यात क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीने) सापडलेला घटक आणि बाटलीवरचं लेबल हे सगळं एकत्र मांडूनच निदान व्हायला हवं. नमुना लवकरात लवकर घेऊन थंड ठेवला नाही, तर पुढे महागडं यंत्रही फारसं काही सांगू शकत नाही.

2017च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात 20हून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोहोचले. एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळणं तेव्हाही चालू होतं, आजही आहे. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन या दोन कीटकनाशकांचं उदाहरण घ्या. सायपरमेथ्रिनचं विघटन करणाऱ्या एन्झाइमलाच प्रोफेनोफॉस अडवतं. अळीवर जोर वाढतो तो याच कारणाने. असंच एन्झाइम माणसाच्या यकृतातही असतं. मग औषध किती विषारी हे सांगणारा डब्यावरचा त्रिकोण लाल की पिवळा, हे पाहून कितीसं कळणार? तो रंग त्या एकाच डब्यातल्या औषधाच्या प्राण्यांवरच्या चाचणीतून ठरतो. आपल्या माणसाच्या अंगावर मात्र ऑक्टोबरच्या उन्हात, घामाने भिजलेल्या पाठीवर, मिश्रण पडतं.

प्राण्यांवरच्या चाचणीला पर्याय नाहीत असं नाही. प्रयोगशाळेत मानवी त्वचेच्या तुकड्यातून रसायन किती आत शिरतं हे मोजण्याची पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2004मध्येच मान्य केली आहे. रसायनाने त्वचेला ॲलर्जी होईल का, हे ठरवायला 2021पासून तीन वेगळ्या चाचण्यांपैकी दोन जुळल्या की निष्कर्ष धरला जातो, त्यासाठी उंदीर लागत नाही. अशाच तऱ्हेने त्वचा, मानवी पेशी आणि संगणकी गणित जोडून, शेतात प्रत्यक्ष वापरली जाणारी मिश्रणं नोंदणीच्या टप्प्यावरच तपासायला काय हरकत आहे?

कॅलिफोर्नियात 1974पासून कोलिनेस्टरेज घटवणारी विषं हाताळणाऱ्या कामगारांचा कोलिनेस्टरेजचा मूळ आकडा आधी नोंदवला जातो. तांबड्या पेशींतला आकडा त्याच्या 70 टक्क्यांवर किंवा खाली आला, की त्या माणसाला फवारणीच्या कामावरून काढून घेतात. आपल्याकडे जूनमध्ये, पहिल्या फवारणीआधी, प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणी करणाऱ्या मजुरांचं रक्त घेऊन हा आकडा त्यांच्या हाती द्यावा, अशी माझी आरोग्य आणि कृषी खात्याला कळकळीची विनंती आहे.

तोवर नातेवाइकांना एवढंच सांगणं आहे की, रुग्णाला आणताना बाटल्या, पाकिटं, झाकणं जे हाती लागेल ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत आणा. ‘औषध मारत होता’ एवढ्यावरून कोणती तपासणी लावायची, ते आम्हाला कळत नाही.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, यवतमाळ जिल्हा