गीझर बंद कर, मग आंघोळ कर

चिपळूण, 12 जुलै

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर मी काही सांगायला लागलो की तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि मागे छकुली रडत असते. म्हणून लिहून पाठवतोय. तिकडे दुबईत पोस्टमन दारात येत नाही, तेव्हा अनिकेतरावांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर टाकतोय. मिळायला वेळ लागेल, पण उन्हाळा तोवर कुठे पळून जात नाही.

आधी आंघोळीचं. थंड पाण्याचा नळ सोडला की हात भाजतो, म्हणजे नळ बिघडलेला नाही. करामातल्या तुमच्या बिल्डिंगच्या टाक्या गच्चीवर दिवसभर उन्हात तापतात आणि तेच पाणी सरळ खाली येतं. गीझर मात्र बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये, घराच्या गारव्यात. तो बंद ठेवलास तर त्यातलं साठलेलं पाणी रात्रभरात निवतं. मग लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम, असा उलटा कारभार जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत चालतो. तिकडे जुनी झालेली सगळी माणसं हेच करतात. फक्त गीझरची टाकी केवढी आहे ते बघून घे. लहान असेल तर दोन आंघोळींत संपते आणि मग परत गच्चीवरचं पाणी भरतं. तेव्हा आधी छकुली, मग तू, अनिकेतराव शेवटी. छकुलीची बादली रात्रीच भरून ठेवत जा आणि सकाळी कोपर बुडवून बघ. नोव्हेंबरात गीझर पुन्हा लावशील तेव्हा पहिल्यांदा पाणी पुरतं तापू दे, मगच वापर.

त्या पाण्याने केस गळतात असं तू म्हणालीस. हे मी दुबईतच देरा भागात बिल्डिंग मेंटेनन्सला होतो तेव्हा प्रत्येक मजल्यावर ऐकलंय, टकलांकडूनसुद्धा. ते पाणी समुद्राचं असतं, जेबेल अलीला मीठ काढून आलेलं. एवढ्या खटाटोपाने गोडं केलेलं पाणी "गार होईल" म्हणून दहा मिनिटं सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत. टाकीच तापलेली असेल तर ते गार होणार कुठून?

पाण्या-विजेचं बिल बघून अनिकेतराव भांडायला निघाले होते म्हणे. भांडू नका. वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के आकार दुबईत त्याच बिलात दरमहा हप्त्याने लागतो. तो बाजूला काढलात की उरतो तो तुमच्या एसीचा खर्च.

आता एसी. 18 वर लावून पांघरूण घेऊन झोपायची पद्धत मला कधीच कळली नाही. 24 वर ठेव, जाळी दर दोन आठवड्यांनी धू. तिकडची धूळ पिठासारखी बारीक, बंद खिडकीतूनही येते. घरात एसीतून पाणी टपकायला लागलं की गॅस संपला असं सांगणारे भेटतील. बहुतेक वेळा निचऱ्याच्या नळीत धूळ आणि शेवाळ साचलेलं असतं. नळी आधी फुंकून घ्यायला सांग, गॅसचं नंतर. नळीचं पाणी बाल्कनीत बादलीत धर. पिऊ नकोस, पण इस्त्रीला आणि तुळशीला उत्तम. तुळस मात्र बाहेर ठेवू नकोस, जुलैत एका दुपारीत करपते. खिडकीच्या आत, सकाळचं ऊन येतं तिथे ठेव. आणि कपडे बाल्कनीच्या कठड्यावर टाकू नकोस. कठड्याच्या आत, खाली स्टँडवर. रस्त्यावरून दिसले तर नगरपालिका दंड करते.

गणपतीला याल तेव्हा घर बंद करताना दोन गोष्टी विसरू नका. बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखाली वाकडी नळी असते आणि तिच्यात थोडं पाणी उभं असतं. गटाराचा वास आणि झुरळं त्या पाण्यानेच अडतात. घर बंद राहिलं की ते आटतं आणि परत आल्यावर आपण मेलेला उंदीर शोधत बसतो. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर गोडं तेल ओत. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. दुसरं म्हणजे एसी पूर्ण बंद करू नका, 28 वर राहू दे. ऑगस्टमधली तिकडची हवा आपल्या कोकणाला लाजवेल इतकी दमट असते. बंद घरात कपाटाच्या पाठीला आणि चपलांना बुरशी चढते. बिल थोडं येईल, येऊ दे.

मिक्सरचं आईने सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. इकडची गोल पिन तिकडच्या चौकोनी सॉकेटात बसवायला मधल्या भोकात पेनाचं टोपण खुपसायचं, ही आपल्या लोकांची जुनी खोड. अर्थिंग मिळत नाही, पिना ढिल्या बसतात, ठिणग्या उडतात. घरात रांगतं मूल आहे. बकाल्यात, म्हणजे खालच्या किराणा दुकानात, काही दिरहमांत प्लग मिळतो, बदलून घे. त्याच्या पोटात फ्यूज असतो, तुझ्या 750 वॉटच्या मिक्सरला 5 अँपिअरचा पुरतो.

गाडीत छकुलीच्या सीटचं लोखंडी बक्कल हात लावून बघितल्याशिवाय तिला बसवू नकोस. आणि एसी चालू असला तरी तिला गाडीत एकटी ठेवून मिनिटभरही उतरायचं नाही. यावर चर्चा नको.

एक मात्र रागावून लिहितोय. दुपारी दीड वाजता फोनवरून कोथिंबिरीची जुडी मागवायची नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला तिकडे कायद्याने बंदी आहे, साइटवरचे लोक सावलीला बसतात. मोटारसायकलवर डबे आणि पिशव्या पोचवणारा पोरगा मात्र त्याच वेळी रस्त्यावर दिसतो, कारण तेव्हाच सगळ्यांना भूक लागते. कोथिंबीर नसेल तर आमटी कोथिंबिरीवाचून होते. संध्याकाळी खाली उतरून बकाल्यातून आणावी, तेवढेच चार जिने चढले जातात.

पावसाचं हसण्यावारी नेऊ नकोस. 16 एप्रिल 2024 ला अमिरातीतल्याच अल ऐन शहराजवळच्या खतम अल शकला इथे चोवीस तासांच्या आत 254.8 मिलिमीटर पडला. आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवशी तेवढा पडतो, वाशिष्ठी फुगते आणि आपण माळ्यावर सामान चढवतो. तिकडे वर्षाकाठी शंभरच्या आसपासही मुश्किलीने होतो, म्हणून छपरांना उतार नाही आणि बाल्कनीच्या मोऱ्या धुळीने बुजलेल्या. पाणी सरकत्या दाराखालून सरळ गालिच्यावर येतं. डिसेंबर लागण्याआधी मोरीत काठी घालून बघायची.

थंडीत छकुलीला घेऊन अल फहिदीच्या जुन्या वाड्यांत जा. छपरावर चौकोनी मनोरे दिसतील, बारजील म्हणतात. इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती पद्धत आणली. चारी बाजूंचा वारा धरून खाली खोलीत सोडायचा. दुबईत वीज आली 1960 नंतर, तोवर माणसं यावर राहिली. मनोऱ्याच्या बरोबर खाली उभं राहून बघ. मग वर बघ आणि त्या काचेच्या इमारतींबद्दल तुझं मत मला कळव. माझं तुला माहीत आहे.

ऑगस्टच्या 24 तारखेच्या सुमाराला पहाटे दक्षिणेकडे सुहैल उगवतो आणि तिकडची म्हातारी माणसं म्हणतात, आता उन्हाळा मोडला. आपला अगस्त्य तोच. लगेच गार होत नाही, दमटपणा तर सप्टेंबरातही जीव काढतो. पण रात्री गच्चीवरच्या टाक्या जरा लवकर निवायला लागतात. टाकीला हात लावून मी ते तपासायचो, तारा बघायला कोण उठतंय पहाटे!

बाल्कनीच्या दाराखालच्या फटीची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि दाराची लांबी मोजून पाठव. अंदाजाने नको, टेप लावून. बाजारातून ब्रशची पट्टी आणून ठेवतो, येशील तेव्हा ने.

तुझा,
बाबा

ता. क. आईने गोडा मसाला केलाय. खसखस घातलेली नाही, कारण तिकडे ती अमली पदार्थांत धरतात आणि सामानात चिमूटभर सापडली तरी भानगड होते. दिवाळीच्या अनारशांनाही या वर्षी तीळ लावायचे ठरले आहेत. आईला हे मान्य नाही, पण ती लावणार आहे.