लोणी कडेपर्यंत

स्टुटगार्ट
शनिवार, फेब्रुवारी

ती. सौ. आई आणि ती. अण्णा यांस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "जेवलीस का" विचारतेस, मी "जेवले" म्हणते, मागे कुणीतरी क्रेट मोजत असतं आणि तू "ठेव गं, गाडी आलीय" म्हणतेस. द्राक्षाच्या तोडीत तुला पाठ टेकायला सवड नसते हे मला ठाऊक आहे. म्हणून हे सावकाश वाचायला. अण्णा संध्याकाळी ओसरीवर बसले की त्यांनाही वाचून दाखव.

संक्रांतीला तू विचारलंस, "तिथं तुझं म्हणावं असं कुणी आहे का?" मी "आहेत की" म्हणून विषय बदलला. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. मनात मोजायला लागले तर कळलं, ज्यांच्या जिवावर माझं हे दीड वर्ष निघालं त्यातल्या निम्म्या माणसांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत.

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्यापासून सुरू करते. या भागात घरोघरी एक पाळी असते, तिला 'केरवोखे' म्हणतात. म्हणजे केर काढायचा आठवडा. शब्दच 'केर'नं सुरू होतो, त्यामुळे जर्मनमधला हा एक शब्द मला पहिल्या दिवसापासून पाठ आहे! ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. त्यानं त्या आठवड्यात जिना पुसायचा, पुढची वाट झाडायची. पूर्वी नगरपालिकेचा तसा नियमच होता. 1988 साली शहरानं सक्ती काढली, पण भाड्याच्या करारात ते कलम असतंच आणि लोक पाळतातही मनापासून. हिवाळ्यात त्यात बर्फ काढणंही येतं. कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत घरासमोरची पायवाट मोकळी हवी. कुणी घसरून पडलं तर जबाबदारी आपल्यावर.

गेल्या वर्षी जानेवारीत पाटी माझ्या दाराला होती आणि माझी रात्रपाळी चालू होती. पहाटे हॉस्पिटलच्या खिडकीतून बर्फ पडताना पाहिला आणि माझ्या पोटात गोळाच आला. पाळी सहाला संपली, पण ट्राम उशिरा आली. धावत चढ चढून घरी पोचले तर पायवाट स्वच्छ, वर बारीक खडी टाकलेली आणि फावडं भिंतीला टेकवून ठेवलेलं. खालच्या आजींच्या खिडकीत दिवा होता. मी दार वाजवून मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये माफी मागायला लागले. त्या म्हणाल्या, "मला तसंही चारला जाग येते." एवढंच बोलल्या आणि दार लावून घेतलं. मला चहाला बोलावलं नाही, की आभार मानायला जागा ठेवली नाही. आई, मी जिन्यात बसून रडले. त्या थंडीत पहिल्यांदाच कुणीतरी माझं ओझं मला न विचारता उचललं होतं.

इथं सगळीच माणसं देवमाणसं आहेत असं समजू नकोस. एका कचेरीत कागद द्यायला गेले होते, तेव्हा माझं वाक्य मध्येच तोडून "आधी भाषा शिकून या" असं मला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं. ते मी तुला सांगितलं नव्हतं. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगते, कारण ते मला जास्त दिवस पुरलं.

तेव्हा मी हाडांच्या वॉर्डात नर्सिंग शिकत होते. इकडचे म्हातारे लोक श्वाबिश बोलतात. पुस्तकातली जर्मन शिकून, परीक्षा पास होऊन आलेल्या माणसाला ती बोली अजिबात कळत नाही. एक आजोबा म्हणाले, "फूस दुखतोय." फूस म्हणजे पाऊल, असं मी शिकले होते. मी पाऊल तपासतेय, बोटं हलवून बघतेय, आणि ते वैतागत चाललेत. शेजारच्या खाटेवर दुसरे एक आजोबा होते, स्वतःच्या हाताला सलाईन. त्यांनी मला हळूच खूण केली आणि स्वतःच्या मांडीवर हात ठेवून शुद्ध जर्मनमध्ये, अगदी सावकाश म्हणाले, "आमच्याकडे इथून खाली सगळा फूसच." आपल्या 'पाय' शब्दासारखंच की! आपणही कंबरेखाली सगळ्याला पायच म्हणतो. मग मी मांडी बघितली, ठणक तिथं होती.

सलाईनवाले आजोबा त्यानंतर नऊ दिवस माझे दुभाषे झाले. कुणी 'टेपिश' मागितलं की मी गालिचा शोधायच्या आत ते खाटेवरच्या पांघरुणाकडे बोट दाखवायचे. आणि मोठ्या सिस्टर खोलीत असल्या की मुद्दाम गप्प राहायचे, म्हणजे मला आधीपासून येत होतं असंच त्यांना वाटावं. ज्या दिवशी त्यांना घरी सोडलं त्या दिवशी माझी सुट्टी होती. निरोपही घेता आला नाही.

माझ्या मोठ्या सिस्टरही तशाच. शिस्तीला कडक, हसणं कमी. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. पेशंटला हात लावायच्या आधी आपले तळवे एकमेकांवर घासून ऊब आणायची. अर्धांगाच्या पेशंटची बेल त्याच्या चालत्या हाताच्या बाजूला ठेवायची, आणि खोलीबाहेर पडायच्या आधी ती त्याला एकदा दाबून बघायला लावायची. चष्मा हाताला लागेल असा ठेवायचा. "रात्री तीनला माणूस एकटा असतो," त्या म्हणाल्या, "तेव्हा चष्मा सापडला नाही तर त्याला वाटतं आपण संपलो." आता मी हे सगळं हातासरशी करते. इंजेक्शन, औषधं, पट्ट्या हे माझं काम आहेच, त्याचे मला पैसे मिळतात. पण पेशंटचा चेहरा उजळतो तो चष्मा हाताला लागल्यावर.

आता बाटल्यांचं सांगते, हे अण्णांना आवडेल. इथं पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली की 25 सेंट अनामत भरावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पैसे परत. बिअरच्या काचेच्या बाटलीला 8 सेंट. आपल्याकडे सोड्याच्या बाटल्या परत द्यायचो तसंच. काही माणसं, बहुतेक म्हातारी, दिवसभर स्टेशनवर फिरून लोकांनी टाकलेल्या बाटल्या गोळा करतात. पेन्शन पुरत नाही. सुरुवातीला मला एक गोष्ट कळायची नाही. नीटनेटकी माणसं, पण रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याशेजारी खाली उभी करून ठेवायची. मला वाटायचं, हे कसलं वागणं? मग वर्गातल्या मुलीनं सांगितलं, डब्यात टाकली तर गोळा करणाऱ्याला घाणीत हात घालावा लागतो, काच असली तर हात कापतो. बाहेर ठेवली की तो ताठ मानेनं उचलतो आणि पुढे जातो. 'अनामतीची बाटली शेजारी' अशी लोकांची मोहीमच आहे, 2011 पासूनची.

देणारा कोण, घेणारा कोण, दोघं एकमेकांना बघतही नाहीत. त्या दिवसापासून मीही बाटली शेजारी ठेवते. आणि प्रत्येक वेळी मला आपल्या गोठ्यातली फळी आठवते.

तुला आठवते का ती? मी तिसरीत असेन. तोडीला, छाटणीला येणाऱ्या बायांसाठी त्या फळीवर वेगळे कप असायचे, कान तुटलेले. ते घरात यायचे नाहीत. एके दिवशी ते कप नव्हतेच. आजीनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मांजरानं पाडले." आणि त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या आपल्या कपबशांतून सगळ्यांना चहा गेला. फुटलेला एक तुकडासुद्धा मी कुठे पाहिला नाही, आई. मला तेव्हाच कळलं होतं, पण बोलले नाही. तू त्यावर कधी भाषण दिलं नाहीस, आजीशी भांडली नाहीस. पण त्या बायांतली एक, जी कधी मान वर करून बोलायची नाही, ती त्यानंतर चहा पिताना तुझ्याशी पोरांच्या शाळेचं बोलायला लागली. हे मी पाहिलंय. अण्णांनी परत तसले कप आणले नाहीत, हेही.

हे सगळं मला इथं येऊन का आठवावं? तिकडे मी देणाऱ्या घरची मुलगी होते. कुणाच्या कपाला कान आहे की नाही, याचा मला कधी विचार करावा लागला नाही. इथं मी फळीच्या त्या बाजूला उभी आहे, आणि कोण आपल्याला कुठल्या कपातून देतंय ते लगेच कळतं. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसले असताना आत येणारा प्रत्येक अनोळखी माणूस सगळ्यांना मिळून "ग्रूस गॉट" म्हणतो. म्हणजे देवाचा नमस्कारच. पहिल्यांदा मला वाटलं, मागे कुणी ओळखीचं बसलंय. त्या नमस्कारात मीही धरलेली आहे, हे कळायला दोन-तीन वेळा जावं लागलं.

मागच्या रविवारी मी लिओनहार्ड चर्चमध्ये गेले होते. तिथं 1995 पासून दर हिवाळ्यात सात आठवडे 'फेस्परकिर्शे' चालतं. 'फेस्पर' म्हणजे इकडचं पावाचं साधं खाणं. चर्चमध्येच टेबलं मांडतात आणि रोज गरम जेवण असतं. नाममात्र पैसे, ज्याला परवडेल त्यानं जास्त द्यावे. बेघर माणसं येतात, एकट्या म्हाताऱ्या बायका येतात, कोट घातलेले नोकरदारही येऊन त्यांच्याच शेजारी बसतात. आपल्या भंडाऱ्याची पंगतच समज, फक्त खुर्च्यांवर आणि पायात बूट.

मला पावाला लोणी लावायचं काम मिळालं. पुढ्यात पावांचा ढीग. मी भराभर मधोमध लोणी फासून पुढे सरकवत होते. शेजारी एक बाई होत्या, सत्तरीच्या असतील. त्यांनी माझा एक पाव उचलला, काही न बोलता सुरीनं लोणी कोपऱ्यापर्यंत ओढलं आणि म्हणाल्या, "कडेपर्यंत लाव. शेवटचा घासही लोण्याचाच हवा." मग मी सगळे परत घेतले. वेळ लागला, हात दुखले, पण लावलं. तू पोळीला तूप लावतेस ना, बोटानं कडेपर्यंत फिरवून, आणि मी भूक लागली म्हणून घाई करायचे? तेच. कोण खाणार ते मला माहीत नव्हतं. पण तिथून परतताना ट्राममध्ये मी खिडकीत स्वतःला पाहिलं तर हसत होते.

आता तब्येतीचं. मी बरी आहे, खोकला गेला, लोकरीचे मोजे दोन-दोन घालते. परीक्षा जूनमध्ये आहे. इथं स्टेशनच्या मागच्या टेकडीवरसुद्धा द्राक्षाचे मळे आहेत, अण्णा. भर शहरात! सध्या छाटणी चाललीय. वेली मांडवावर नसतात, उतारावर ओळीनं उभ्या बांधतात, आणि चढ इतका की बघूनच गुडघे दुखावेत. मी कामाला जाताना थोडी वाट वाकडी करून तिकडून जाते. परवा तिथल्या एका छाटणीवाल्याला मी, "माझ्या वडिलांचीही बाग आहे, भारतात," असं सांगितलं. त्यानं कात्री खिशात घातली आणि दहा मिनिटं मला डोळा कुठे सोडतात ते दाखवत बसला. तुम्हीही पाहुण्याला असंच उभं करून दाखवता ना.

एक काम आहे. आपल्या शेडवरचे बेदाणे पाठवा, अर्धा किलो पुरे. वहिनीला सांग, हिरवे नकोत, पिवळे निवड, आणि देठ काढून पाठव. खालच्या आजींचा उजवा हात मनगटात मोडलाय, गेल्या आठवड्यात. ईस्टरला त्या बेदाणे घालून वेणीसारखा विणलेला गोड पाव करतात, गेल्या वर्षी मलाही दिला होता. तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं की हे माझे वडील वाळवतात, तर त्यांना खरंच वाटेना. यंदा पाव होणार नाही म्हणत होत्या. मी सांगितलंय, कणीक मी मळते, विणायची कशी ते तुम्ही खुर्चीत बसून सांगा. त्या म्हणाल्या, तुला जमणार नाही. मी म्हटलं, लहानपणापासून आईनं माझ्या वेण्या घातल्यात, जमेल.

पाटी या आठवड्यात त्यांच्या दाराला होती. सकाळी कामावरून येताना मी ती काढून माझ्या दाराला लावली. जिना व्हायचाय अजून, अंधार पडायच्या आत आटोपते.

दादाला, वहिनीला नमस्कार. पिल्लूला पापा.

तुमची,
ताई